दुपट्ट्याखालचा भाव

मोताळ्याला आम्ही ज्यांच्या घरात भाड्यानं राहत होतो, त्या आबाजींना एकदा ताप भरला. डॉक्टरांनी थर्मामीटर पाहून एकशे तीन सांगितला. आबाजी पडल्या पडल्या म्हणाले, "लय होते. शंभरावर या." डॉक्टर गावात नवीन होते. तापात बडबडताहेत असं समजून त्यांनी कपाळावर ओली पट्टी ठेवायला सांगितली. आम्ही जुने भाडेकरू; आबाजी पूर्ण शुद्धीवर आहेत हे आम्हाला कळत होतं. संध्याकाळी ताप एकशे एकवर उतरला, आबाजींनी तो मान्य केला आणि उठून अंगणात जाऊन बसले. वरचा एक अंश त्यांनी डॉक्टरांसाठी सोडला, अशी माझी समजूत आहे.

आबाजींचा धंदा बैलबाजारातल्या दलालीचा. जिल्ह्यातले सगळे बैल त्यांना ओळखतात असं लोक म्हणत. लोक काहीही म्हणतात. मला एवढंच ठाऊक आहे की ते रस्त्यानं निघाले की बसलेली जनावरं उठून उभी राहत. अंगानं काटकुळे, धोतर गुडघ्याच्या वर, खांद्यावर लाल काठाचा पांढरा दुपट्टा. सगळी ताकद हातात जमा झालेली. त्यांनी चिमटीत सुपारी फोडली अशी गावात गोष्ट आहे. ती खोटी आहे. मी समोर होतो, तो अक्रोड होता.

बैलबाजारातला भाव तोंडानं ठरत नाही. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहतात, दोघांच्या हातांवर दुपट्टा पडतो आणि आत बोटं बोलतात. जेवढी बोटं धरली तेवढा भाव. पटलं नाही तर हात सुटतो. पटलं तर समोरचा मूठ आवळून हात हलवतो, की सौदा पक्का. भोवती अख्खा बाजार डोळे वटारून उभा असला तरी आकडा त्या दोन हातांनाच कळतो आणि पुढं जन्मभर तो कुणी उच्चारत नाही.

मी एकदा आबाजींना विचारलं होतं की हे एवढं झाकून कशाला करायचं. ते म्हणाले, "तोंडानं सांगतला का भाव चार जनाचा होते, सर. मंग मानसाले मागं येता येत नाही, लाज वाटते. दुपट्ट्याखाली कोनाले लाज नसते."

हे त्यांचं शास्त्र बैलांपुरतं राहिलं नव्हतं. आठवडी बाजारात आबाजी शिरले की मेथीच्या जुड्या आपोआप जाड होत. मेथी असो, मडकं असो, चपलेचा अंगठा असो, ते आधी समोरच्याच्या हातावर दुपट्टा टाकत. बाजारातल्या पुरुषांना सवय झाली होती. बायकांपुढं मात्र ते हात जोडून उभे राहत आणि भाव ठरवायला शेजारच्या दुकानातला कुणीतरी बाप्या बोलावून आणत. पुढं फोनवरून पैसे देणं आलं आणि दुकानादुकानात तो बोलणारा डबा बसला, किती रुपये आले ते मोठ्यानं सांगणारा. आबाजींना बाजारात कशाची भीती वाटली असेल तर ती त्या डब्याची. मी स्वतः पाहिलं आहे, कांदेवाल्याला पैसे देण्याआधी त्यांनी डब्यावर दुपट्टा घातला आणि वरून दोन्ही हातांनी दाबून धरला. डबा आतून काहीतरी पुटपुटला. कांदेवाला म्हणाला, "आबाजी, मरन ना तो." आबाजी म्हणाले, "मरू दे. चुगलखोर हाय."

घरभाडं दर वर्षी दिवाळीनंतर ठरायचं, अर्थात दुपट्ट्याखाली. पहिल्या वर्षी मी त्यांनी धरलेली बोटं मोजली, परवडतंय असं वाटलं आणि मूठ आवळली. आबाजींनी दुपट्टा झटकला आणि निघून गेले. नंतर कितीतरी दिवस ते माझ्याकडे पाहत नव्हते. अंगणात समोरासमोर आलो की तुळशीकडे पाहून जायचे. शेवटी मीच जाऊन काय चुकलं ते विचारलं. म्हणाले, "तुमी दुसरबीडकडचे लोक पहिल्याच बोटाले 'हाव' म्हनता. मंग तुमच्यासंगं बोलाव काय मानसानं?"

पुढच्या वर्षी मी असा भांडलो की दुपट्टा मध्ये फाटला. भाडं इतकं उतरलं की मलाच संकोच वाटला. आबाजी मात्र इतके खुश झाले की त्यांनी शेतातल्या सीताफळांची टोपली पाठवली, आणि ती सीताफळं बाजारात विकली असती तर कमी झालेलं भाडं दुपटीनं वसूल झालं असतं.

त्यांचं पथ्य मात्र एकच होतं, आणि ते मला त्यांच्याच मेहुण्यानं सांगितलं. घाटावरचा एक जण बैलजोडी विकायला आला होता आणि मेहुण्याला ती घ्यायची होती. आबाजी अर्थातच मेहुण्याच्या बाजूनं. त्यांनी पहिलं बोट धरलं. पहिलं बोट नेहमी हसू येईल एवढं कमी असतं. तो भाव नसतो, नमस्कार असतो. त्या माणसानं नमस्कारालाच मूठ आवळली. आबाजींनी दुपट्टा बाजूला केला आणि घरी कोण आजारी आहे ते विचारलं. त्याची बायको दवाखान्यात होती. मग आबाजींनी पुन्हा दुपट्टा टाकला आणि आपणच एकेक बोट वाढवत रास्त भावापर्यंत गेले. अडलेल्या माणसाचा माल पडत्या भावानं घ्यायचा नाही, असं ते म्हणाले. पैसे मेहुण्यानं मोजले. त्यानंतर त्यानं कित्येक वर्षं बहिणीच्या घरचं पाणीही घेतलं नाही.

ही गोष्ट मला पाठ होती. तरीही गाडी घ्यायला मी आबाजींनाच सोबत नेलं. लोभ माणसाचं पाठांतर बिघडवतो.

गाडी घेण्याचं कारण साधं होतं. आमच्याकडे एक स्कूटर होती आणि तिच्यावर मी, बायको, दोन मुलं, दोन दप्तरं आणि महिन्यातून एकदा गॅसचं सिलिंडर असे सगळे बसत होतो. एकदा राजूर घाटाच्या चढावर ती स्कूटर थांबली आणि मागं यायला लागली. ब्रेक लागत होते. तिला फक्त पुढं जायचं नव्हतं. त्याच संध्याकाळी गाडी घ्यायचं ठरलं.

शाळेच्या पतसंस्थेनं कर्ज मंजूर केलं. मला हवी ती गाडी त्या कर्जात बसत नव्हती. थोडंच अंतर होतं, पण होतं. ते शोरूममध्ये मिटलं नाही तर एकच दार उरत होतं, दुसरबीडला माझ्या सासऱ्यांचं.

सासऱ्यांचा हात सढळ आहे आणि आवाज त्याहून सढळ. मोठ्या जावयाला त्यांनी एकदा विहिरीवरच्या मोटारीसाठी पैसे दिले होते. मागून दोन तासांत दिले, कुरकूर नाही. मग नातवाच्या जावळाच्या कार्यक्रमात माइक हातात आला तेव्हा पाहुण्यांचं स्वागत करून झाल्यावर त्यांनी मोटारीचा हॉर्सपॉवर, दिलेली रक्कम आणि जावयाचा मागतानाचा चेहरा, सगळं सविस्तर सांगितलं. त्यानंतर आमच्या नात्यात एकही लग्न असं झालं नाही की ज्यात ती मोटार सुरू झाली नाही. मोठा जावई आता लग्नांना येत नाही, परस्पर आहेर पाठवतो. मला लग्नात जेवायला आवडतं. म्हणून मी आबाजींना माझी कर्जाची मर्यादा सांगितली, सासरे सांगितले, आणि काय वाट्टेल ते करा पण भाव त्या रेषेच्या खाली आणा म्हणून हात जोडले. आबाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "रंग कोनता हाय तिचा?" मी पांढरा म्हणालो. म्हणाले, "पांढऱ्याले डाग लवकर दिसते. तिथूनच धरू."

बुलढाण्याच्या शोरूममध्ये आम्ही शिरलो तेव्हा आबाजींच्या काखेत नवं कोरं दावं होतं. विकणाऱ्याच्या दोरीनं जनावर घरी आणत नाहीत. दारावरच्या वॉचमननं दोरी कशाला म्हणून विचारलं. आबाजींनी गाडीसाठी म्हणून सांगितलं. गाडी ओढून न्यायची असेल असं समजून त्यानं सहानुभूतीनं दार उघडलं.

आत गारवा होता, फरशी इतकी गुळगुळीत की आबाजींनी चपला बाहेर काढल्या आणि परत आत आले. गाड्या दाखवायला एक ताई होत्या, आमच्या घाटाखालच्याच, नांदुऱ्याकडच्या. त्यांनी पाणी दिलं, गाडी दाखवली, फलकावरचा भाव दाखवला. आबाजींनी फलकाकडे पाठ केली.

"मालाचा धनी कुठं हाय, माय?"

"धनी असन कुठं तरी, आबा. विकते मीच."

"बाईमानसाचा हात मी धरत नसतो."

"हात कायले धरता? भाव बोला ना."

आबाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू तिनं त्यांना धोतर सोडायला सांगितलं होतं. "इथं? समद्याइसमोर?"

ताईंनी सुस्कारा सोडला. "मंग बसा. सायबाले बोलावते. धरा त्याचा."

साहेब म्हणजे मॅनेजर, पुण्याकडून नुकताच बदलून आलेला, गळ्यात टाय. आला आणि गोड आवाजात म्हणाला, "काय काका, आवडली का गाडी?" उत्तर म्हणून आबाजींनी त्याचा उजवा हात हातात घेतला आणि त्यावर दुपट्टा टाकला.

एव्हाना शोरूममध्ये गाड्या पाहायला आलेले तिघं-चौघं शेतकरी आबाजींना ओळखून भोवती जमले होते. आबाजी हात देताहेत म्हटल्यावर कुणी गाड्यांकडे पाहीना. दुपट्टा किंचित हलला. आबाजींनी पहिलं बोट धरलं, नमस्काराचं, हसू येईल एवढं कमी. मॅनेजरनं प्रसन्न चेहऱ्यानं मूठ आवळली आणि दोनदा जोरात हलवली.

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्यानं मला पुढं सांगितलं की कंपनीच्या प्रशिक्षणात त्यांना तसंच शिकवलं होतं: ग्राहकाचा हात घट्ट धरा, हलवा, डोळ्यांत पाहून हसा. दुपट्ट्याचं त्याला नवल वाटलं होतं, पण इकडची पद्धत असेल म्हणून तो गप्प राहिला.

मागचा एक शेतकरी हळूच म्हणाला, "झाला बी काय?" दुसरा म्हणाला, "पहिल्याच बोटाले?" आणि सगळे मॅनेजरकडे, तिरडी उचलताना घरच्यांकडे पाहतात तसं पाहायला लागले.

आबाजींचा चेहरा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा झाला. कित्येक वर्षांच्या दलालीत हे दुसऱ्यांदा घडत होतं. त्यांनी हात सोडला आणि गाडीकडे वळले. पुढची जाळी बोटानं दाबून दात पाहिले. बॉनेट उघडायला लावलं, आत हात घालून ऊब पाहिली. मागच्या दारावर थाप मारली आणि लाथ बसू नये म्हणून झटकन बाजूला सरले. मग चालवून दाखवा म्हणाले. गाडी चार पावलं पुढं गेली, चार पावलं मागं आली. लंगडत नव्हती.

मला ते कोपऱ्यात घेऊन गेले. "मालात खोड नाही, सर."

"मग घेऊ या ना."

"खोड मालात नाही, म्हनजे ह्या मानसाच्या घरी काही झालं हाय."

मेहुण्याची बैलजोडी माझ्या डोळ्यांसमोरून चालत गेली. मी घाईघाईनं म्हणालो, "आबाजी, तो पुण्याकडचा आहे. त्याला बोटं कळत नाहीत."

"हात असलेल्या मानसाले बोटं कळत नाहीत, असं होते काय?"

"त्यानं नुसता शेकहँड केला."

आबाजींनी माझ्याकडे, पैशासाठी माणूस किती खाली जातो ते पाहावं तसं पाहिलं. मग मॅनेजरजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "बापू, घरी समदं बरं हाय ना?"

आता असा प्रश्न इतक्या मायेनं विचारला तर कुणाच्याही घरी काहीतरी निघतंच. मॅनेजर घराबाहेर पहिल्यांदाच राहत होता, इथं येऊन त्याला कुणी असं विचारलं नव्हतं. त्याचा टाय एकदम सैल पडल्यासारखा झाला. "आईचे गुडघे, काका," तो म्हणाला. "ऑपरेशन सांगितलंय. मला सुट्टी मिळत नाहीये."

आबाजी माझ्याकडे वळले. "पाहा."

मी शेवटचा प्रयत्न केला. माझ्या मर्यादेची आठवण करून दिली, सासऱ्यांची आठवण करून दिली, माइकची दिली. आबाजी म्हणाले, "तुमचा सासरा धडधाकट हाय, बोंबलते. याच्या मायले उभं राह्यता येत नाही." आणि दुपट्टा पुन्हा पडला.

असा सौदा बुलढाणा जिल्ह्यानं आधी पाहिला नव्हता आणि पुढं पाहील असं वाटत नाही. घेणाऱ्याचा दलाल भाव वाढवत होता आणि विकणारा प्रत्येक वाढीला तितक्याच प्रेमानं हात हलवत होता. आबाजी थोडं वर जायचे, मॅनेजर मूठ आवळायचा. आबाजींना वाटायचं, अजून हा गरीब संकोचानं हो म्हणतोय. ते आणखी वर जायचे. मॅनेजर आणखी जोरात हलवायचा, डोळ्यांत पाहून हसायचा. डोळ्यांत आता पाणीही होतं, आईच्या आठवणीचं. ते पाहून आबाजींनी बोटांची अख्खी पेंढीच धरली असावी. मला आकडा कळत नव्हता. मी फक्त दुपट्टा पाहत होतो, आणि त्याची प्रत्येक हालचाल मला दुसरबीडच्या एकेक किलोमीटरनं जवळ नेत होती.

कागद घेऊन येणाऱ्या ताई थबकल्या. त्यांनी मला खुणेनं विचारलं, मी कानात सांगितलं. त्यांनी कागद तोंडावर धरला. खांदे बराच वेळ हलत होते. त्यांचे वडील बैल विकायला न्यायचे तेव्हा दावं धरून त्याच उभ्या राहायच्या. बोटं त्यांना पाढ्यांसारखी येत होती. हसणं ओसरल्यावर त्या गेल्या आणि मॅनेजरच्या कानाशी लागून बराच वेळ बोलल्या.

मॅनेजरनं आत्तापर्यंत आवळलेल्या सगळ्या मुठी आठवल्या असाव्यात, कारण त्यानं डाव्या हातानं टाय काढून खिशात कोंबला. भोवतीचे शेतकरी दुपट्ट्यावरून नजर काढत नव्हते. त्या सगळ्यांना गाड्या घ्यायच्या होत्या, आणि हात देऊन मागं फिरणाऱ्या माणसाकडून घाटाखाली कुणी काही घेत नाही, हेही ताईंनी त्याला सांगितलं असणार. पण आबाजी स्वतःच भाव वाढवत होते, म्हणजे सौदा अजून उघडा होता. त्यानं दुपट्ट्याखाली हात सोडवला. मग ताईंनी शिकवलं तसं, चाचपडत, आयुष्यात पहिल्यांदा स्वतः आबाजींची बोटं धरली. एकदा. मग दुसऱ्यांदा, बारका हिशेब.

आबाजींच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. "हां," ते म्हणाले. "आता कुठं मानूस शुद्धीवर आला." आणि त्यांनी मूठ आवळली.

तो भाव बिलावर छापून आला तेव्हा मला कळला. आकडा मी इथं लिहीत नाही, आबाजींचा नियम आहे. फलकावरच्यापेक्षा तो एक पैसा कमी नव्हता, एवढं सांगितल्यानं नियम मोडत नसावा.

ताईंना राहवलं नाही. त्या आबाजींना म्हणाल्या, "आबा, माझा हात धरला असता तं सरचं काम झालं असतं. थोडंफार सोडायचं माझ्याकडे होतं. सायब नवा, त्याच्याकडे काही नव्हतं."

आबाजी विचारात पडले. "तुह्या मायचे गुडघे कसे हायेत?"

"माही माय रोज शेतात जाते."

"मंग तुह्याकडून कमीच केला असता," आबाजी म्हणाले, आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही. ताईंनी निदान पायाखालच्या मॅट फुकट देऊ केल्या. मी हात पुढं केला होता. आबाजींनी तो खाली केला. "त्या गरिबाच्या अंगावरचं अजून काय काय काढता, सर?"

गाडीच्या पुढच्या हुकाला दावं बांधून आम्ही निघालो. घाट उतरताना मी मनात हिशेब करत होतो. मर्यादा ओलांडली होती, कागदावर सह्या झाल्या होत्या आणि शोरूमला उरलेले पैसे आठवड्यात द्यायचे होते. घाटाखाली आल्यावर आबाजी म्हणाले, "दुसरबीडले कधी जायचं?" मी म्हणालो की मी एकटाच जाईन. ते म्हणाले, "भाव मी वाढवला. हात बी मीच देतो."

त्या रविवारी आम्ही चिखलीवरून दुसरबीडला गेलो. सासरे ओट्यावर होते. बातमी आधीच पोचली होती, कारण ओट्यावर शेजारचे सहा-सात जण चहाला बसवलेले होते. सासऱ्यांनी गाडीला चक्कर मारली, पुढचं दावं पाहिलं, आणि ज्या आवाजानं ते रस्त्यापलीकडची एसटी थांबवतात त्या आवाजात म्हणाले, "बसा जावईबापू. किती कमी पडले, सांगा. लाजू नका, सगळे आपलेच आहेत."

सगळ्यांनी कप खाली ठेवले. माझ्या मोठ्या साडूचा तो प्रसिद्ध चेहरा कसा झाला असेल ते मला तेव्हा आतून कळलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबाजी ओट्यावर चढले, रामराम केला आणि सासऱ्यांच्या उजव्या हातावर दुपट्टा टाकला.

सासरे गप्प झाले. त्यांना मी झोपेतही गप्प पाहिलेलं नाही. त्यांच्या वडिलांच्या काळात त्यांनीही बाजार केला होता, आणि दुपट्टा अंगावर पडल्यावर तोंड उघडणं म्हणजे काय ते त्यांना समजत होतं. दोघे समोरासमोर उभे राहिले. दुपट्टा हलला, थांबला, हलला. सासऱ्यांच्या भुवया वर गेल्या. बहुधा त्यांनी जास्त देऊ केले आणि आबाजींनी हात सोडला. पुन्हा हलला. नुसत्या रकमेचं एवढं बोलणं नसतं. परत कधी करायचे, आणि आणखी काय काय, ते सगळं आत ठरत होतं. शेजाऱ्यांचा चहा गार झाला. शेवटी सासऱ्यांनी मूठ आवळली आणि हलवली, माहीत असलेल्या माणसानं हलवावी तशी, एकदाच.

ते आत गेले आणि फडक्यात बांधून पैसे घेऊन आले. मला लागत होते तेवढेच निघाले. ओट्यावरच्या एकानं विचारलं, "किती दिले, हो?" सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आबाजींकडे पाहिलं. "दिले," ते म्हणाले.

पुढं दोन-तीन वर्षांत आबाजी गेले. डॉक्टरांनी चारच दिवस सांगितले होते. आबाजींनी ते दीड महिन्यावर नेले आणि मग, भाव रास्त वाटला असावा, फार ताणलं नाही. त्यांच्या खांदेकऱ्यांत मी होतो. रस्त्याकडेला बसलेली जनावरं उठून उभी राहिली की नाही हे मी पाहिलं नाही. माझं लक्ष नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मेहुण्याच्या मुलीचं लग्न झालं. मंडप भरलेला, सासऱ्यांच्या हातात माइक. स्वागत झालं, मानपान झालं, आणि विहिरीवरची मोटार नेहमीप्रमाणे सुरू होऊन नेहमीप्रमाणे बंद पडली. मग पाहुण्यांतला एक हौशी माणूस ओरडला, "अन् धाकट्या जावयाची गाडी? तिचे किती?"

मंडप माझ्याकडे वळला. माझ्या हातात जिलेबी होती, ती तशीच राहिली. सासऱ्यांनी माइक तोंडाजवळ नेला. ओठ उघडले. स्पीकरमधून त्यांचा श्वास सगळ्यांना ऐकू आला. आबाजी आता नव्हते, अडवणारं कुणी नव्हतं. सासऱ्यांनी माइक डाव्या हातात घेतला आणि उजवा हात उपरण्याखाली नेला.

"जेवून घ्या," ते म्हणाले. "भात गार होतोय."